धम्मदीपच्या चाळीस ओळी

२०२३ सालचा मे महिना. नागपुरातलं इंदोरा. वेळ भर दुपारची.

खोटं वाटलं तर वाटू द्या. हे माझ्या भाचीसोबत, मेघासोबत घडलं.

तिचा थोरला भाऊ धम्मदीप. त्याने प्रोग्रॅमिंगची एक भाषा आणि तिचा कंपायलर बनवला होता. आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम. सगळ्यांसाठी खुला. मेघाने काही लिहून दाखवलं की तो दोनच शब्द म्हणायचा, "अजून नाही."

मार्चमध्ये तो गेला. कंपायलर मेघाकडे आला.

आणि चूक निघाली. नावांची लांब यादी दिली की शेवटचं नाव गुपचूप गळायचं. रविवारपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर वापरणारे सोडून जाणार होते. भावाचं दहा वर्षांचं काम बुडणार होतं.

दोष धम्मदीपच्याच चाळीस ओळींत होता. मेघाने त्या काढल्या. कंपायलर पुन्हा बनवला.

तेवढ्यात कूलर थांबला...

स्क्रीनवर मराठी उमटलं.

अजून नाही.

शेवटचं नाव पुन्हा गायब.

तिने सगळा कोड धुंडाळला. मराठीचं एक अक्षरही नव्हतं...

भावना, तिची आई, ताक घेऊन वरच्या खोलीत आली.

"काहून हट्ट करून राहिली वं? त्याच्या हातचं आहे, राहू दे."

"जुन्या कंपायलरनंच नवा बनते, आई. चूक त्यातूनच उतरून राहिली."

"अन् हे शब्द?"

मेघाने ताक बाजूला ठेवलं.

मग तिने जुन्याला हात न लावता, दुसऱ्या भाषेत, एक छोटा कंपायलर स्वतः लिहिला. आता नवा जुन्याने नाही, या छोट्याने बनवायचा. तीन दिवस लागले.

रविवारी दुपारी कूलर पुन्हा थांबला.

पाठीमागे धम्मदीपचं रिकामं टेबल. तिथून...

टक... टक... टक...

तो दोन बोटांनी टाइप करायचा तसंच.

मेघा वळली नाही.

"दादा, चूक तुझी आहे. तू असता तर भांडला असता. तरी मी काढलीच असती. बस तिथं."

तिने एंटर दाबलं.

सगळी नावं आली. शेवटचंही.

त्याखाली... अजून नाही.

"म्हणत राह्य," मेघा म्हणाली, आणि नवा कंपायलर जगासाठी सोडून दिला.

आज तो कंपायलर पुष्कळ लोक वापरतात. ती ओळ मेघाशिवाय कुणालाच दिसत नाही. भावना दुपारी वर जात नाही. मीही नाही. धम्मदीपचं टेबल मेघाने हलवलं नाही. आपली खुर्ची तेवढी तिने त्याच्याकडे तोंड करून ठेवली आहे.