फोटोतले हात

"ताई, तू थोडी बाजूले सरक ना वं... ज्योत्स्नाले बसू दे तिथं!"

धाकट्या भावाचा, घनश्यामचा आवाज चढलेला नव्हता. उलट तो नको इतका मऊ होता. काडीभोवती कणकेचा बारीक तंतू वेटोळणारी शरयूताईंची बोटं जागच्या जागी थबकली. समोर घनश्यामची मुलगी, त्यांची भाची समीक्षा मोबाइल धरून उभी होती. सिंदीच्या या घरातून गेली पस्तीस वर्षं उन्हाळा लागला की गावोगाव जाणाऱ्या सरगुंड्यांची, काडीवर वळून वाळवलेल्या कणकेच्या या नळ्यांची, आता वेबसाइट होणार होती, आणि तिच्या पहिल्याच पानावर सरगुंडे वळणारे हात हवे होते. हात... पण कुठले हात! ताईंच्या दोन्ही पंजांवर, पार मनगटांपर्यंत, कोडाचे पांढरे डाग पसरले होते.

"बरोबर हाय तुहं," एवढंच म्हणून त्या उठल्या, आणि हात पदराखाली घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

घनश्यामची बायको ज्योत्स्ना पाटावर बसली खरी, पण तिच्या हातून काही केल्या तंतू काडीवर सरळ चढेना. "अहो, हे माह्याच्यानं नाई होत! पाहा बरं, हा सरगुंडा हाय का गांडूळ?"

समीक्षा खुदकन हसली. ताईही हसल्या. घनश्याम मात्र हसला नाही.

"राहू दे. समीक्षा, नेटवरून एखादा फोटो घेऊन टाक. चांगले स्वच्छ हात असलेला."

स्वच्छ!... तो शब्द ताईंच्या अंतःकरणात खोल रुतला. आई गेली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि घनश्याम सात वर्षांचा. बाविसाव्या वर्षी पहिला डाग उमटला, ठरलेलं लग्न मोडलं, आणि त्या दिवसापासून या भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याचा संसार, हेच त्यांचं आयुष्य झालं. डाग संसर्गजन्य नसतात हे डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. गिऱ्हाइकांनी तर कधी विचारलंही नव्हतं. मग आज, आपल्याच घरात...

संध्याकाळी घनश्याम त्यांच्यापाशी येऊन बसला. चटईच्या काड्या उपसू लागला.

"ताई, समीक्षाले पाह्यले नागपूरचे लोक येऊन राह्यले. ते अगोदर साइट उघडून पाह्यतीन. घराण्यात हे हाय म्हणून त्यांच्या मनात शंका आली, तर..."

"मले काऊन समजावून राह्यला रे? मी काय परकी हावो का?" ताई शांतपणे म्हणाल्या. "ते येतीन तवा मी हिंगणीले रुपाकडे जाऊन राहीन. लगन होईस्तोवर तिथंच राहीन. पोरीले मात्र काई सांगजो नको."

रुपा त्यांची मावसबहीण. घनश्यामने "नको" म्हणावं, एवढीच एक वेडी आशा त्या क्षणी ताईंच्या मनात होती. तो खाली मान घालून उठून गेला.

वेबसाइट झाली. रंग सुरेख, अक्षरं ठसठशीत, आणि वर कुण्या अनोळखी बाईचे गोरेपान हात. पण दहा दिवस उलटले तरी एकही मागणी येईना! अकराव्या दिवशी सकाळी हिंगणघाटहून अण्णाजींचा फोन आला. अण्णाजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. दर उन्हाळ्यात दोन्ही जावयांसाठी इथलेच सरगुंडे नेणारे. घनश्यामने कौतुकाने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे घनश्याम, तुह्या नावानं कोणीतरी खोटी साइट काढली बापा!"

"खोटी? आमचीच हाय ते, अण्णाजी."

"मंग फोटोत कोण बाई हाय? अन् करून काय राह्यली ते? माही सून म्हणते, हे इटलीतलं काईतरी हाय, लोखंडी सळईवर वळतेत म्हणे! मी त आणखी चार घरी सांगून ठेवलं, फसवणूक असन, मागवू नका म्हणून. आमाले ताईचे डागवाले हात माहीत हायेत. ते दिसले का माल अस्सल! ताई बरी हाय ना?"

घनश्यामने कसंबसं "बरी हाय" म्हटलं. फोन बंद झाल्यावर समीक्षाने विचारलं, "बाबा, आत्याचे हात काऊन लपवले? खरं सांगा."

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, हिंगणीचंही.

समीक्षाने मोबाइल खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "माह्यासाठी तिले घराबाहेर काढता? अगोदर आत्याचा फोटो लावू. मंग नागपूरवाल्यांले लिंक मीच पाठवते. पाहून यायचं असन तर येतीन."

घनश्याम मागच्या खोलीत गेला. ताई पिशवीत लुगडी भरत होत्या. त्याला पाहताच त्यांनी सवयीने हात पदराखाली नेले. त्याने ते बाहेर ओढून घेतले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

"आई गेली तवा ह्याच हातांनी मले घास भरवले... अन् मी म्हणलो, स्वच्छ हात पाह्य! कसा बोललो असन वं मी, ताई!"

"पोरीसाठी बोलला तू. बापाले भेव राह्यतेच रे..."

"माह्या भेवाची शिक्षा तुले काऊन दिली मी?"

इतकी वर्षं आवरून धरलेले अश्रू ताईंच्या गालांवरून निःशब्द वाहू लागले. त्यांनी त्याचं डोकं कुशीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर कोवळं ऊन आलं होतं. ताई पाटावर बसल्या, तंतू काडीवर भराभर चढू लागला. चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी मान अगदी खाली घातली होती. समीक्षाने मोबाइल धरला. घनश्यामने तिला थांबवलं.

"ताई, वर पाह्य."

"तोंड कायले पाहिजे? हात पुरे हायेत."

"हात कोणाचे हायेत, ते बी दिसू दे लोकायले."

शरयूताईंनी मान वर केली.