दुसरा ब्रेक

"ही चालते का?"

विचारून झालं आणि तिला हसू आवरेना. मागे खांबाच्या आडोशाला तिच्या दोघी मैत्रिणी एकमेकींचे दंड आवळून उभ्या होत्या. पैजच तशी लागली होती. वाचनालयाच्या हॉलमध्ये छोट्या मोटारींचं प्रदर्शन होतं, खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, तळहातावर मावतील एवढ्या. आणि टेबलामागच्या जाड चष्म्याच्या माणसाला कुणीही 'चालते का' विचारलं, की त्याचा चेहरा लिंबू चावल्यासारखा होतो, हे त्या दोघींनी केव्हाच हेरलं होतं. विचारून दाखव, म्हणाल्या. ती कसली मागे हटते. सरळ गेली, सगळ्यात देखण्या लाल गाडीकडे बोट दाखवलं आणि विचारलं.

चेहरा झाला खरा तसाच. पण मग त्याने चष्मा वर सरकवून तिच्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं. तिच्या गळ्यातल्या निळ्या स्कार्फकडे, त्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे. मोजतोय की काय, असं तिला वाटलं.

"नाही चालत," तो म्हणाला. "पण कुठे धडकतही नाही. बाहेर ती दाराला पोचा आलेली पांढरी गाडी तुमचीच ना?"

खांबामागून फिस्सकन हसू आलं. आता ती गाडी होती ड्रायव्हिंग स्कूलची, पोचा होता एका शिकाऊ आजोबांनी विजेच्या खांबाला मारलेल्या मिठीचा, आणि ती स्वतः त्या स्कूलमध्ये गाडी शिकवणारी. पण एवढं सगळं सांगेपर्यंत भांडणाची गंमत गेली असती. म्हणून ती एवढंच म्हणाली, "माझी निदान रस्त्यावर तरी उतरते."

"मलाही उतरायचंय," बाहेरच्या गाडीवरच्या स्कूलच्या फलकाकडे बघत तो म्हणाला. "शिकवाल?"

घ्या. पैज जिंकली आणि शिष्य गळ्यात पडला.

तो दातवाला होता. म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवणारा. कवळ्या कोरायची तीच बारीक हत्यारं घेऊन तो संध्याकाळी गाड्या घडवायचा, आणि शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना शिकवायचा. मुलं त्याला 'वाळूदे सर' म्हणत. रंगाचा एक हात दिला, वाळू दे. चाक चिकटवलं, वाळू दे. त्याआधी कुणी बोट लावलं की बॉनेटवर कायमचा ठसा उठायचा, आणि मग तो माणूस काही न बोलता सगळा रंग खरवडून पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्याचं ते न बोलणंच मुलांना जास्त लागायचं.

गाडी चालवायलाही तो तसाच. तिच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. शिकवणाऱ्यांच्या गाडीत तो असतोच. शिकणारा भलतीकडे निघाला, की तिने दाबायचा. त्या ब्रेकने आजवर कितीतरी भिंती, कुत्री आणि एक फुलांचं दुकान वाचवलं होतं. पण या माणसापुढे ब्रेक बिचारा बेकार झाला. गाडी पळेल तर थांबवायची ना. सायकलवरची पोरं बाजूने पुढे जात आणि वर मागे वळून हात हलवत. एकदा तर भर चौकात सिग्नल हिरवा झालेला, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि हा शेजारच्या जुन्या गाडीच्या दिव्याकडे टक लावून बसलेला. त्या दिव्याच्या काठाची पट्टी आपण आपल्या छोट्या गाडीवर चंदेरी रंगवली, ती मुळात करडी आहे, याचं त्याला मनापासून दुःख झालं होतं. त्या दिवशी तिच्या मनात आलं, आपल्या बाजूला ब्रेक नकोच, दुसरा ॲक्सिलरेटर हवा.

वैताग, नुसता वैताग. तरी त्याच्या शिकवणीचा बुधवार आला, की ती आरशासमोर स्कार्फ सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची... आणि मैत्रिणी मुद्दाम खोकायच्या.

मग मुलांना खरं बॉनेट उघडून दाखवाल का, असं त्याने विचारलं. एकदाच हं, म्हणून जी ती गेली ती दर शनिवारी जायला लागली. मुलांनी तिचं 'ब्रेकताई' करून टाकलं. त्यांच्यात एक 'चिमटी' होती. चिमटा म्हणून तिच्या हातून सुटत नसे, आणि मत तिच्या पोटात राहत नसे. एका शनिवारी सगळ्यांनी मिळून ब्रेकताईच्या हाती ब्रश दिला आणि दाराच्या कडेने केसाएवढी पांढरी रेघ ओढायला बसवलं. ती श्वास रोखून बसली.

"श्वास सोडताना ओढा," दातवाला म्हणाला. त्याने हात धरला नाही. नुसता शेजारी वाकला, इतका जवळ, की त्याच्या कानावर लागलेला लाल रंग तिला दिसला. दोघांनी एकदमच श्वास सोडला... आणि रेघ वाकडी आली.

"वाळू दे," तो हळूच म्हणाला. "मग बघू."

मग म्हणजे कधी, हे विचारावंसं तिला फार वाटलं. कारण घरी आईने उच्छाद मांडला होता. आईच्या मैत्रिणीचा मुलगा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, शांत, नीटनेटका, महिनाअखेरच्या रविवारी चहाला यायला तयार होता. त्याला बोलवायचं की नाही, हो म्हण नाही तर नाही म्हण, पण काहीतरी म्हण, असं आईचं रोजचं चालू होतं. बाबा पेपरामागून 'बघ बाई' म्हणायचे, आणि ते तर आणखी छळायचं.

तिने एका बुधवारी दातवाल्याला सांगूनच टाकलं. आमच्याकडे एक जण चहाला येणार आहे. बँकेतला. मला बघायला. दातवाल्याने इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली. मग त्याने विचारलं, "त्याच्याकडे गाडी कुठली आहे?"

तिने त्या दिवशी त्याला घरापर्यंत चालत पाठवलं.

मैत्रिणी म्हणाल्या, तूच विचार ना त्याला. ती म्हणाली, अजिबात नाही. पहिला प्रश्न मी विचारला होता, आता दुसरा त्याने विचारायचा.

मग तिचा वाढदिवस आला आणि त्याने एक खोका दिला. आत तिचीच गाडी होती, तळहाताएवढी. छपरावरचा स्कूलचा फलक, मागच्या काचेवरचा ओरखडा, काळपट खिडक्या, सगळं जसंच्या तसं. आणि तिच्या बाजूच्या दारावर मोठ्या मायेने केलेला तो पोचा. तिचं डोकंच फिरलं. हा माणूस जन्मभर आपल्याला हा पोचाच दाखवणार.

"आत बघितलंत का?" त्याने विचारलं.

"बघितलं. छान आहे," ती म्हणाली. बघितलं नव्हतं.

"मग... घाई नाही. सावकाश सांगा."

"त्यात सावकाश काय सांगायचं? पोचा नसता तर जास्त आवडली असती."

त्याचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला नाही. मावळला. बरं, म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर बुधवारी तो यायचा, गाडी चालवायचा, आभार मानून उतरायचा. दिव्यांबद्दल अवाक्षर नाही, रंगांबद्दल नाही. ती घरी येऊन उशीला गुद्दे घालायची.

चहाच्या रविवारच्या आदल्या दिवशी छोट्या गाडीचा आरसा निखळला, म्हणून ती गाडी घेऊन वर्गात गेली. सर कवळ्या पोचवायला गेले होते, यायचे होते. चिमटीने गाडी हातात घेतली, आरसा चिकटवला, ताईला बजावून वाळत ठेवला आणि मग मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला.

"ताई, तुम्ही तरी सांगा सरांना. ब्रेक राहिलाय, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. ऐकतच नाहीत."

"कुठला ब्रेक?"

"तुमचा. आत बघितलं नाहीत?"

चिमटीने सरांच्या डब्यातला दात बघायचा छोटा गोल आरसा काढला, टॉर्च दिला आणि आरसा कुठून आत घालायचा तेही दाखवलं. ब्रेकताईने एक डोळा मिटला.

आत ड्रायव्हरच्या सीटवर निळा स्कार्फ होता. नखाएवढा, आणि त्यावर पांढरे ठिपके. शेजारच्या सीटवर, म्हणजे एरवी ती बसते तिथे, तारेचा इवलासा चष्मा. ड्रायव्हरच्या पायाशी सगळी पेडलं जागच्या जागी. चष्म्यापुढे मात्र काही नव्हतं. दिव्याची पट्टी चुकली म्हणून भर चौकात हळहळणारा माणूस, पोचासुद्धा न विसरणारा माणूस, अख्खा ब्रेक विसरला होता.

तिने आरसा खाली ठेवला.

तो दारात दिसला तसं तिने त्याला अंगणात नेलं आणि खऱ्या गाडीत बसवलं. पण ती स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तो शेजारी. खोलीच्या खिडकीला सगळ्या मुलांची नाकं चिकटली.

"ब्रेक राहिलाय," ती म्हणाली.

"राहिला नाही."

"मग?"

तो चष्मा पुसायला लागला. पुसला, घातला, पुन्हा काढला. "तुम्ही चालवत असलात... तर मला ब्रेक लागणार नाही. कधीच. असं म्हणायचं होतं."

"आणि ते आत ठेवून वरून छप्पर चिकटवलंस?"

"तुम्ही बघितलं म्हणालात. आणि मग पोचा आवडला नाही म्हणालात. मला वाटलं, हेच उत्तर."

तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला. खिडकीतली नाकं दचकून मागे झाली आणि परत चिकटली.

"दिवसभर दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करतोस," ती तशीच म्हणाली, "स्वतःचं एकदा उघडता येत नाही?"

आपण त्याला 'अरे-तुरे' केलं, हे तिच्या लक्षात नंतर आलं. त्याच्या लक्षात मात्र आधीच आलं असावं, कारण त्याचे कान रंग न लावताच लाल झाले होते.

तिने गाडी सुरू केली. रस्त्यावर आली तशी वेग वाढवला, वळणावर जरा जास्तच. तो पांढराफटक पडला. खरा ब्रेक त्याच्या पायाशीच होता. तिने तिरक्या नजरेने बघितलं, तर त्याने दोन्ही पाय उचलून पार सीटच्या खाली ओढून घेतले होते.

शेवटी दुसरा प्रश्नही तिलाच विचारावा लागला. "लग्न करशील माझ्याशी?"

"हो," तो म्हणाला. इतक्या चटकन तो आयुष्यात काही बोलला नव्हता. वाळायलासुद्धा वेळ दिला नाही.

घरी पोचली तेव्हा आई उद्यासाठी चांगले कप काढत होती आणि बाबा पेपरामागे होते.

"आई, त्या बँकेतल्यांना फोन करून नको म्हणून सांग. तुला अवघड वाटत असेल तर मी सांगते. मी दातवाल्याशी लग्न करणार आहे."

आईच्या हातात कप तसाच राहिला. पेपर खाली आला. "तो?" बाबा म्हणाले. "सायकली ज्याच्या पुढे जातात, तो?"

"तोच. आणि मी ठरवलंय, तेव्हा आता 'बघ बाई' म्हणू नका. उद्या चहाला तो येतोय. स्वतः गाडी चालवत येणार आहे, मी शेजारी असेनच. आई, चहा मात्र जरा उशिराच टाक. आणि बाबा, तुमची स्कूटर फाटकासमोरून आत घेऊन ठेवा."