टिपणिसांच्या घरातली दुर्गंधी

जगन्नाथ टिपणीस आले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात प्लास्टिकची फाइल. वय अठ्ठ्याहत्तर. खुर्चीत बसल्यावर त्यांनी फाइल मांडीवर सरळ केली आणि शांतपणे विचारलं,

"मला वेड लागलंय का, हे शोधून द्यायचं काम तुम्ही घेता का?"

लतिका रेगेने मान वर केली. अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ती गेली अकरा वर्षं परवानाधारक खासगी तपासाचं काम करत होती. आजवर लोक नवऱ्यांचा, बायकांचा, भागीदारांचा माग काढायला आले होते. स्वतःचा माग काढायला कुणी आलं नव्हतं.

"सगळं सांगा, काका."

"आम्ही न्यू केल्सोला राहतो. इथून पाऊण तास. स्कॉटलंडहून आलेल्या एका गिरणीमालकाने १८९६ साली बांधलेलं घर आहे. मी आणि शोभनाने ते पडक्या अवस्थेत घेतलं. नऊ वर्षं खपलो. मी सिव्हिल इंजिनिअर, पण सुतारकाम तिथेच शिकलो. एकोणीस खिडक्या आहेत, वर सरकणाऱ्या. एका बोटाने उघडतात. शोभना चार वर्षांपूर्वी गेली. आता घर विकायचं ठरलंय. माझी ना नाही. अट एकच, घेणाऱ्याने त्यात राहावं. एका बिल्डरला ते पाडून तिथे टाउनहाउस उभी करायची आहेत. त्याला माझी सही मिळणार नाही."

"आणि वेडाचं काय?"

टिपणिसांची नजर खाली गेली. "दर रविवारी ओपन हाउस असतं, गिऱ्हाइकं घर बघायला येतात. मी सकाळी दहाला फिरायला जातो. परत येतो तेव्हा लोक नाकाला रुमाल लावून बाहेर पडत असतात. माझ्या खोलीत लघवीचा वास येतो म्हणतात. दोनदा अंथरूणही ओलं निघालं. मी स्वतः अंथरूण घालून निघतो, कोरडं असतं. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

आतल्या स्वयंपाकघरात चहाचं दूध करपलं होतं. लतिकाचा मदतनीस अनीश गुप्ते खुर्ची मागे ढकलून धावला. सॉफ्टवेअरमधून लेऑफ झाल्यावर तो 'तात्पुरता' इथे आला होता. त्याला दोन वर्षं झाली होती. करपट धूर पुढच्या खोलीत आला. टिपणिसांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"काका, तुम्हाला वास येत नाही," लतिका म्हणाली.

ते चपापले. "कोविडनंतर गेला. दोन वर्षांपूर्वी अटलांटाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, परत यायचा नाही. घरात तो विषय मी कधी काढला नाही. सुनेला वाटायचं, तिचा स्वयंपाक आवडत नाही."

"आज कसे आलात?"

"उबरने. मोतीबिंदूनंतर, तीन वर्षं झाली, मी गाडी सोडली. एरवी अंकुर नेतो-आणतो. आज त्याला सांगितलं नाही." त्यांनी फाइल पुढे केली. "हे त्याने कोर्टात दिलंय."

लतिकाने कागद वाचला. मुलगा अंकुर याला वडिलांचा कायदेशीर पालक नेमावं, असा तो अर्ज होता. सुनावणी गुरुवारी होती. एक वाक्य तिने मोठ्याने वाचलं. "'ते स्वतःच्या अंथरुणात घाण करतात आणि त्यांना त्या दुर्गंधीची जाणीवही होत नाही.' शपथेवर लिहिलंय."

टिपणिसांचे कान लाल झाले. अनीशने हातातला चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि कुठे बघावं ते न कळून खिडकीबाहेर पाहिलं.

शनिवारी सकाळी दोघं न्यू केल्सोला पोहोचले. घर देखणं होतं. जिन्याच्या वळणावर रंगीत काचा, शेकोटीभोवती निळ्या फरश्या, पायाखाली जुन्या पाइनची मधाच्या रंगाची जमीन. अंगणात विक्रीची पाटी होती. दुर्गंधीचा मागमूस नव्हता.

सून केया स्वयंपाकघरात होती. लतिका कोण आहे हे कळल्यावर तिचं तोंड आंबट झालं.

"तपास काय करायचाय त्यात? म्हातारपण आहे. मी चिडते, मान्य आहे. रविवारी लोकांसमोर लाज वाटते. मागच्या महिन्यात तर दोन किलो कोळंबी फ्रीझरमधून गायब झाली. वरच्या देवांगने खाल्ली असणार, तो तर कबूलही करत नाही." तिने फ्रिजमधून दुधाचा कॅन काढला, झाकण उघडलं आणि दाराशी उभ्या सासऱ्यांपुढे धरला. "बाबा, नासलंय का हो बघा, मला सर्दी झालीय."

टिपणिसांनी कॅन नाकाशी नेला. "ठीक वाटतंय," ते म्हणाले आणि लतिकाकडे न बघता बाहेर गेले.

देवांग माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहत होता. नागपूरचा, अटलांटात पीएच.डी. करणारा. घर विकलं गेलं तर त्याला दुसरी जागा शोधावी लागणार होती, आणि ते त्याने लपवलं नाही.

"पण मी असलं घाणेरडं काम नाही करणार, मॅडम. काकांनी मला मुलासारखं ठेवलंय. खिडक्यांच्या दोऱ्या बदलल्या तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होतो. आणि कोळंबी नाही खाल्ली मी. मासे खायचे असले तर मागच्या अंगणात ग्रिलवर करतो. काका शाकाहारी, त्यांना वासाचा त्रास व्हायला नको."

घर विकून देणारी रिअल्टर अस्मिता टेबलावर माहितीपत्रकं लावत होती. "चार ओपन हाउस वाया गेली," ती वैतागून म्हणाली. "दोन चांगल्या फॅमिली होत्या, एक तर ऑफर लिहायच्या बेतात. मी लव्हेंडरच्या मेणबत्त्या लावल्या. काकांना विचारलं, वास जास्त तर होत नाही ना? म्हणाले, छान आहे."

"बिल्डरचा माणूस येऊन गेला का?"

"दोनदा, बुधवारी. अंकुरनेच घर दाखवलं. तेव्हा मात्र काही वास नव्हता, नशीब."

शेवटी अंकुर भेटला. चाळिशीचा, मृदू बोलणारा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तो त्यांना वडिलांच्या खोलीत घेऊन गेला.

"अंथरूण मीच धुतो," तो म्हणाला. "केयाला हात लावू देत नाही. वडील आहेत माझे." त्याचे डोळे भरून आले. "मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला नव्या नोकरीत जॉइन होतोय. त्यांना असं एकटं कसं सोडू? पालकत्व मिळालं की चांगल्या केअर होममध्ये ठेवता येईल."

"घराच्या दुरुस्तीत तुम्ही होतात?"

"छे. मी या घरात एक खिळाही ठोकलेला नाही. ते सगळं आई-बाबांचं वेड."

अनीशने हवा यावी म्हणून रस्त्याकडची खिडकी वर सरकवली. ती निम्म्यावर अडली. त्याने जोर लावला.

"रंगाने चिकटली असेल," दारातून केया म्हणाली.

"जोर लावू नका," अंकुर घाईने म्हणाला. "वजन खाली जात नाहीये. काच फुटेल."

लतिकाने मान हलवली आणि खोलीतून बाहेर पडली.

गाडीत बसल्यावर अनीश म्हणाला, "देवांगच. घर विकू नये असं फक्त त्यालाच वाटतं."

"दुर्गंधीमुळे विक्री थांबते, असं तू धरून चालला आहेस."

"थांबतेच ना?"

"काही जणांनाच विकायचं थांबतं, सगळ्यांना नाही," ती म्हणाली. तिने काच खाली केली आणि बराच वेळ तोंडावर वारा घेतला. "मला मळमळतंय, अनीश. आणि तिथे आज वास नव्हता."

रविवारी दहाला टिपणीस नेहमीप्रमाणे फिरायला निघाले. निघण्यापूर्वी लतिकाच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या कोरड्या अंथरुणाचा फोटो काढून तिला पाठवला.

अकराला लतिका आणि अनीश पोहोचले. या वेळी दार उघडताच वास अंगावर आला. तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, सडलेलं. घर बघायला आलेलं एक जोडपं लहान मुलीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरत होतं. मुलीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

अस्मिताने ओपन हाउस बंद केलं. टिपणीस परतले तेव्हा लतिकाने सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. अंथरूण मधोमध ओलं होतं. अंकुर चादर ओढायला पुढे झाला.

"राहू द्या," लतिका म्हणाली. "काका, तुम्ही खुर्चीत बसा. हा ओलावा दहानंतरचा आहे; दहाला अंथरूण कोरडं होतं, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. म्हणजे तुम्ही घराबाहेर असताना हे झालं."

टिपणिसांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पण मग वास कसला?" अनीशने विचारलं. "लघवीचाच तर आहे."

"कोळंबी सडली की असाच वास सुटतो. लघवीसारखा, झोंबणारा. केयाच्या फ्रीझरमधून दोन किलो गेली होती. प्रश्न एवढाच, ती ठेवली कुठे, की शनिवारी वास नाही, बुधवारी नाही आणि रविवारी बरोबर आहे." तिने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "काका, ही खिडकी एका बोटाने का उघडते?"

"चौकटीच्या पोटात लोखंडी वजन असतं, दोरीला बांधलेलं," टिपणीस म्हणाले. "खिडकी वर गेली की वजन खाली जातं. कधी दोरी तुटली तर बदलायला खाली एक झाकण असतं, एका स्क्रूचं."

"आणि खाली काही ठेवलं असेल तर?"

"वजन अडेल. खिडकी पूर्ण उघडणार नाही." सगळ्यांनीच निम्म्यावर अडलेल्या त्या खिडकीकडे पाहिलं.

"झाकणाच्या कडेचा रंग कापलेला आहे आणि स्क्रूचं डोकं चकाकतंय," लतिका म्हणाली. "आत झिपने घट्ट बंद होणारी पिशवी असणार. रविवारी उघडायची, थोडं पाणी अंथरुणावर सांडायचं, लोक गेले की पुन्हा बंद करायची. आता, हे कुणी केलं? एक गोष्ट त्या माणसाला माहीत असायलाच हवी होती. ज्याच्या उशाशी सडकी कोळंबी ठेवायची, त्याला वास येत नाही. नाहीतर पहिल्याच दिवशी काकांनी झाकण उघडून पिशवी बाहेर काढली असती."

केयाने सासऱ्यांकडे पाहिलं. "वास येत नाही?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. काल तुम्ही त्यांना दूध हुंगायला दिलंत. देवांगला माहीत नव्हतं, तो बाहेर जाऊन मासे भाजतो. अस्मिताने मेणबत्तीचा वास कसा आहे ते विचारलं. राहिले अंकुर."

"काहीतरीच काय," अंकुर म्हणाला. "मलाही त्यांनी कधी सांगितलं नाही."

"सांगायची गरज नव्हती. काकांनी गाडी तीन वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टरकडे ते दोन वर्षांपूर्वी गेले. काका, कुणी नेलं होतं?"

टिपणिसांनी मुलाकडे पाहिलं. "अंकुरने," ते म्हणाले. "आत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता."

"आणि तरी कोर्टाच्या अर्जात नाकाबद्दल एक अक्षर नाही. 'दुर्गंधीची जाणीव होत नाही' हा वेडाचा पुरावा म्हणून लिहिलाय. कालही खिडकी अडली तेव्हा केयाला रंगाची शंका आली, कुणालाही तीच येईल. एक खिळाही न ठोकलेल्या अंकुरला मात्र वजन अडलंय हे कळलं, कारण त्याखाली काय आहे ते त्यांनीच ठेवलं होतं. बिल्डर आला त्या दोन बुधवारी पिशवी बंद होती. राहायला येणारी कुटुंबं पळवायची, बापाला वेडा ठरवायचं आणि त्याच्या जागी स्वतः बिल्डरला सही द्यायची. एका पिशवीत दोन्ही कामं."

अंकुर पलंगाच्या कडेवर बसला, त्या ओल्या चादरीवरच. "मला निघायचं होतं," तो म्हणाला. "हे घर संपतच नाही. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाची मुलाखत घेतात. मी त्यांना चांगल्या जागी ठेवणार होतो. कुणाचं वाईट होणार होतं?"

केया दोन पावलं मागे सरली. "तू त्यांच्या चादरी धुवायचास," ती म्हणाली. "माझ्यासमोर रडायचास. मी त्यांना डायपर आणून दिले, अंकुर. बाबा ते घालत होते." तिने तोंडावर हात दाबला आणि खोलीबाहेर धावली. न्हाणीघरातून तिच्या ओकण्याचा आवाज आला.

टिपणीस उठले. त्यांनी कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मुलाच्या हातात दिला.

"काढ."

अंकुरने झाकण उघडलं. पिशवी फुगलेली होती, आत करडा लगदा. ती बाहेर येताच अस्मिता आणि देवांग दाराबाहेर पळाले. अनीशने शर्टच्या बाहीत नाक खुपसलं. अंकुरला उमासे येत होते, पण टिपणीस त्याच्या बाजूला उभे राहिले आणि कप्पा फडक्याने तीनदा पुसून होईपर्यंत हलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं, "उद्या अर्ज मागे घ्यायचा. आणि सामान आजच हलवायचं."

परतताना अनीश म्हणाला, "एक कळत नाही. रडणं खोटं होतं का त्याचं?"

"नाही," लतिका म्हणाली. "खरं होतं. म्हणून तर किळस येते."

अर्ज मागे घेतला गेला. अंकुर एकटाच क्युपर्टिनोला गेला. केया घर विकलं जाईपर्यंत सासऱ्यांजवळ राहिली. पुढचं नंतर ठरवू, म्हणाली. महिन्याभराने तीन मुलं असलेल्या एका परिचारिकेने घर घेतलं. सही करण्याआधी अस्मिताने टिपणिसांसमोर विक्रेत्याचं निवेदन ठेवलं. घरात पूर्वी काही दोष होता का, याचा त्यात एक रकाना होता.

"इथे 'नाही' लिहिलं तरी चालेल, काका," ती म्हणाली. "आता काहीच उरलेलं नाही."

टिपणिसांनी चष्मा लावला आणि इंजिनिअरच्या सुबक अक्षरांत, सावकाश लिहिलं: 'रस्त्याकडच्या खोलीत दुर्गंधी होती. कारण: मुलगा. दूर केला आहे.'

अस्मिताने ते वाचलं. तिने काही खोडलं नाही.