जरा उचलून फिरव

दूध झालं ना सगळ्यांचं? मग ग्लास बाजूला ठेवा आणि जवळ सरका. प्रांजल, तो मोबाइल खिशात घाल. कोजागिरीला गच्चीवर येऊन रील्सच बघायचे असतील तर घरी काय वाईट होतं?

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा सिद्धेश, त्याच्या घरी घडलेली. तो माझ्यासमोर बसून सांगत होता.

नाहूरला तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. रिसेलमध्ये घेतलेला. बायको श्रुतिका, पाच वर्षांची रेवती. संसार झकास. फक्त त्या घरात प्रत्येक वस्तूची एक खुबी होती. बाथरूमचा नळ अर्धाच फिरवायचा, पुढे नेला तर मूठ हातात यायची. बेडरूमच्या सॉकेटमध्ये प्लग ढिला बसायचा, म्हणून पुठ्ठ्याची घडी खोचायची. आणि मुख्य दाराचा लॅच, तो तर नुसता अडायचा; दार किंचित वर उचलायचं, मगच तो फिरायचा. मी निघालो की श्रुतिका आतून ओरडणार, "अण्णा, जरा उचलून फिरवा हां!"

मी सिद्धेशला किती वेळा बोललो. अरे, दिवाळीला भिंती रंगवतोस, तसं वर्षातून एकदा वायरमन आणि सुताराला घरभर फिरव. काय ढिलं झालंय, काय गंजलंय, बघू दे त्यांना. तर मला म्हणतो कसा, "अण्णा, मेन्टेनन्स भरतो ना मी दर महिन्याला!"

घ्या! अरे शहाण्या, तो सोसायटीचा मेन्टेनन्स. जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी. तुझ्या उंबऱ्याच्या आत कोण बघणार? हसू नका. तुमच्याही घरी हेच चालतं, मला माहितीये.

तर गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. शुक्रवार होता. श्रुतिकाची नाईट शिफ्ट. रात्री अकराच्या पुढे रेवतीला ताप भरला आणि औषधाची बाटली रिकामी निघाली. मेडिकल रस्त्यापलीकडेच. पोरगी ग्लानीत झोपलेली, तिला उचलून कुठे नेणार? डास फार होते. त्याने डासांचं मशीन सॉकेटला लावलं, पुठ्ठा खोचला, दार ओढून घेतलं आणि खाली उतरला.

औषध घेऊन तो लगेच वर आला. चावी लावली. दार उचललं. फिरवलं.

चावी नुसतीच गरगर फिरली.

त्याने पुन्हा उचललं, पुन्हा फिरवलं. काही नाही. आणि तेव्हा त्याला वास आला. दाराच्या फटीतून... प्लास्टिक जळल्याचा.

"रेवती! ए रेवती!"

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "बाबा... धूर येतोय."

"बाळा, दाराशी ये. आतली मूठ फिरव. येते का फिरवता?"

"नाही फिरत."

"जोर लाव!"

"बाबा, नाही फिरत ना!" आणि पोरगी खोकायला लागली.

सिद्धेशने खांद्याने धडका दिल्या. लाथा घातल्या. जुनं सागवानी दार, हललंसुद्धा नाही. शेजारच्या मंजुळाबाई बाहेर आल्या. त्यांनी फायर ब्रिगेडला फोन लावला. येतो म्हणाले. पण कधी येणार? आत पोर गुदमरत होतं आणि बापाच्या हातात चावी होती. निरुपयोगी. तो मूठ धरून दार ओढत, त्यावर डोकं आपटत देवाचं नाव घ्यायला लागला. मला म्हणाला, "अण्णा, त्या क्षणी कोणी मला म्हणालं असतं ना, तुझा जीव दे, पोरगी देतो, तर मी दिला असता."

आतला खोकला थांबला.

"रेवती?"

काही नाही.

"रेवती... बोल ना गं..."

मग ती बोलली. अगदी शांत. दाराला चिकटून.

"बाबा, काका म्हणतात, ओढू नकोस."

"...कोण काका?"

"ओढू नकोस. अडतं त्याने."

सिद्धेशचे हात आपोआप सुटले. मंजुळाबाई मट्‌कन जिन्यावर बसल्या.

त्याने दाराला कान लावला.

मग आतून आवाज. करर्... करर्... करर्.

टक्. काहीतरी फरशीवर पडलं.

पुन्हा करर्... करर्...

टक्.

पुन्हा.

पुन्हा.

आणि दार उघडलं. आपोआप. धुराचा लोट आला, आणि उंबऱ्यात रेवती एकटी उभी. त्याने तिला उचललं आणि जिना उतरत सुटला. मागे वळून बघितलं नाही.

पोरगी वाचली. दोन दिवस हॉस्पिटलात होती. फायर ब्रिगेड येईपर्यंत बेडरूमचा पडदा, गादी, कपाट, सगळं जळालं. सॉकेटमधून सुरू झालं होतं. पुठ्ठ्यापासून.

हॉस्पिटलच्या बाकावर सिद्धेशने मंजुळाबाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही एकदम खाली का बसलात?"

त्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आधी हय धोंडिराम ऱ्हवायचो. एकटोच. येणाऱ्या-जाणाऱ्याक सांगायचो, 'दार ओढू नको, अडता तेना.' रात्री छातीत कळ इली, दारापर्यंत इलो... पण लॅच उघडूक नाय. दार फोडला तेव्हा तो दाराकच टेकलेलो हुतो. मागसून सुताराने तोच लॅच परत बसवल्यान. त्याच भोकांत." आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "दार खडखडताना मी आयकलंय रे त्या रात्री. वाटला, कोण सामान सरकवता..."

सकाळी सिद्धेश घरी गेला. काळ्या पडलेल्या भिंती. दार उघडंच. लॅच दाराखाली पडलेला, आणि शेजारी त्याचे चार स्क्रू. वाकलेला एकही नाही. व्यवस्थित पिळून काढलेले. घरात स्क्रू ड्रायव्हर नव्हताच.

तो स्क्रू गोळा करायला लागला. चौथ्याच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. पिवळट. त्याने चिमटीत धरून ओढलं.

नख होतं.

अंगठ्याचं. मुळापासून उपटलेलं.

तो तसाच हॉस्पिटलात पळाला. रेवती झोपली होती. त्याने तिची दहाही बोटं उजेडात धरून एकेक करून पाहिली. सगळी नखं जागच्या जागी होती.

आणि तसंही... ते मोठ्या माणसाचं होतं.