वीसच्या खाली भरवसा नाही

गाडी विकायला निघालेला माणूस तीच गाडी ढकलत चाललाय, असं दृश्य काही रोज बघायला मिळत नाही. आणि जिला ती विकायची, तीच स्टिअरिंगवर बसून खिडकीतून ओरडतेय, "अहो, जरा जोर लावा ना!"

त्याचं असं झालं. ती होती टेलर. आत्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, आणि डोक्यात एक खूळ. गिऱ्हाइकाने आपल्याकडे का यावं? आपणच त्याच्या दारात जाऊ! ऑफिसच्या फाटकाशी, हॉस्पिटलच्या गेटाशी गाडी लावायची. उसवलेलं शिवायचं, चेन बदलायची, इस्त्री फिरवायची आणि कपडा तिथल्या तिथे हातात द्यायचा. आत्या म्हणाली, "खूळ झकास आहे. गाडी कुठाय?"

गाडी सापडली ती पाववाल्याची. बंद डब्याची, विजेवर चालणारी, बऱ्यापैकी जुनी. तो पहाटे बेकरीतून पाव भरायचा आणि गावभरच्या दुकानांना टाकायचा. पण गाडीची बॅटरी थकली होती. लांबची दुकानं यायच्या आत ती मान टाकायची. शेवटी बेकरीवाल्याने ती फेरी दुसऱ्याला दिली, आणि पाववाल्याने ठरवलं की गाडी विकायची आणि दूरच्या शहरात थोरल्या भावाकडे जाऊन नोकरी धरायची.

गाडी दाखवायला तो आला तेव्हा शर्टाच्या कोपराला पीठ लागलं होतं आणि केस नुकतेच ओले करून बसवले होते. आत्याने टायरांना लाथा मारून पाहिल्या आणि मागच्या डब्यात स्टुलावर बैठक मारली. ती पुढे बसली. मग काय, स्वारी लागली की रुबाब दाखवायला! एसी फुल, गाणी फुल, दिवे भरदिवसा चालू. "पिकअप बघा हं!" असं म्हणत त्याने सिग्नलला गाडी अशी उडवली की मागे आत्या स्टुलासकट सरकली.

"अहो, मी विकत घेतेय गाडी, उडवत नाहीये!" ती म्हणाली.

"आवडली का?"

"गाडी ना?"

"हो... गाडीच," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

आणि तेवढ्यात आला पूल. नदीवरचा जुना अरुंद पूल, एका वेळी एकच गाडी जाईल असा, सुरुवातीलाच चढ. काट्यावर एकोणीस टक्के होते. चढ लागला तसे एकोणीसचे पाच झाले, पाचाचं काहीच नाही, आणि गाडी गप्प. मागे एसटीएवढी बस. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, "काय झालं हो?"

पाववाला बिचारा घामाघूम. घाईघाईत ओरडला, "बॅटरी जुनी आहे हो!"

आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण हे कुणासमोर बोललो. तो हळूच वळला. ती तोंडावर ओढणी दाबून हसत होती, खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. इतकं ती कितीतरी दिवसांत हसली नव्हती.

बसमधल्या लोकांनी चढ पार करून दिला. पुढे बेकरीपर्यंत सपाट रस्ता, तिथे तिला स्टिअरिंगवर बसवून त्याने एकट्याने गाडी ढकलत आणली.

घरी येताना ती म्हणाली, "आत्या, दुसरी बघू गं."

"मुळीच नाही. हीच घे."

"बंद पडलेली?"

"अगं, आखूडशिंगी, बहुदुधी आणि वर स्वस्त, अशी कधी मिळते का? या गाडीचे दोष आजच सगळे कळले. त्याला खोटं बोलायला उसंतच मिळाली नाही!"

तर गाडी घेतली. पण किल्ली देऊन मोकळं होणं काही पाववाल्याला जमेना. निघायला अजून अवकाश होता, म्हणून तो रोज यायचा. बॅटरी बघायला, असं म्हणायचा. मिटलेल्या डब्यातली बॅटरी रोज काय बघायची असते, ते त्यालाच ठाऊक.

"एक लक्षात ठेवा," पहिल्याच दिवशी त्याने बजावलं. "वीसच्या खाली भरवसा नाही. वीसपर्यंत ही अगदी शहाण्यासारखी वागते. त्याच्या खाली गेलात की घात. आणि रोज ठासून शंभर भरू नका, ऐंशीला थांबवा. जुन्या बॅटरीला रोजचं भरपेट सोसत नाही. थंडीत जरा रुसते. चढाला हळू, उताराला पाय काढून घ्या, थोडीशी परत भरते."

"गाडी आहे का सासू?"

"दोघींनाही सांभाळून घ्यावंच लागतं."

"तुम्हाला फार अनुभव!"

"गाडीचा आहे. दुसरा अजून यायचाय," तो म्हणाला आणि उगाचच आरसा पुसायला लागला.

पाव गरम ठेवायला त्याने मागे प्लग बसवून घेतला होता, तो तिला सोन्यासारखा उपयोगी पडला. मशीन वीज खायचं नाही फारसं. खायची ती इस्त्री! तिने एक दिवस काट्यावर नजर ठेवून हिशेब काढला, की एका कोटाची इस्त्री म्हणजे गाडीचा अर्धा किलोमीटर. झालं, तेव्हापासून दोघं सगळं किलोमीटरमध्ये बोलायला लागले. हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंचे एप्रन म्हणजे भाजीबाजारापर्यंत. वकिलाचा काळा कोट म्हणजे पोस्टाच्या पेटीपर्यंत. डब्यातला पावाचा वास मात्र काही केल्या जाईना. तिने इस्त्री केलेला शर्ट घातला की माणसाला हटकून भूक लागायची. वकीलसाहेब म्हणाले, "कोर्टात माझं लक्षच लागत नाही हो."

पण धंदा चालला! फाटकाशी गाडी लागली की लोक हातात पँट-शर्ट घेऊन धावत यायचे. तिला रात्री झोप लागायची नाही, इतका आनंद. आणि त्या आनंदात अर्धा वाटा कशाचा आहे, हे तिला पक्कं कळत होतं, फक्त ओठांवर येत नव्हतं.

"टेलरबाई, माझा शर्ट करता का? पाव किलोमीटरचंच काम आहे," तो एकदा म्हणाला.

"तुमच्यावर कशाला अंतर वाया घालवू?"

"घालवा की. तेवढंच... कमी होईल."

ती इस्त्रीकडे बघत राहिली. इस्त्री गरम होती, आणि तिचे गालही.

मग एका दुपारी हॉस्पिटलसमोर धो धो सर आली. त्यांनी मागचं दार अर्धं ओढलं. पत्र्यावर पावसाचा ताशा, आत इस्त्रीची वाफ, पावाचा वास, आणि दोघं एका फळीच्या दोन टोकांना. तो कोटाची बाही ताणून धरत होता, ती इस्त्री फिरवत होती. फिरवता फिरवता त्याच्या बोटांपर्यंत आली आणि थांबली.

"बोट काढा. भाजेल."

"भाजू दे," तो म्हणाला. मग बाहीकडेच बघत, "सोमवारी निघतोय मी. कोणी... थांब म्हटलं असतं, तर थांबलो असतो."

तिच्या काळजात असं काही हललं म्हणता! पण माणसाची जीभ मोठी वाईट. ऐन वेळी नको तेच बोलते.

"कोण म्हणणार थांब? तुमच्या भावाने नोकरी धरून ठेवलीय ना!"

पाऊस पडतच राहिला. तो वाकून पुढे गेला, काटा पाहिला. "एकवीस झालेत," म्हणाला. "घरी चला आता."

घरी आत्याने तोंड पाहूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "तो बापडा ताकाला येऊन भांडं लपवतोय. आणि तू? घरात मडकंभर ताक असून म्हणतेस, ताक संपलं!"

"मी का आधी बोलू? त्याने सरळ विचारायचं होतं."

"हो, हो. दोघंही बसा दाराशी, तुम्ही आधी तुम्ही आधी करत. दार लागेल तोपर्यंत."

सोमवार उजाडला. सकाळीच तो दुसरी किल्ली द्यायला आला. "ही राहिली होती माझ्याकडे," म्हणाला. "गाडीला जपा."

"तुम्ही... नीट जा."

एवढंच! तीन शब्द! तो कोपऱ्यावर वळला तेव्हा तिला स्वतःच्याच कानशिलात दोन द्याव्यात असं वाटलं.

ती ऑफिसच्या फाटकाशी गाडी घेऊन गेली. आत्या मदतीला सोबत होती. पाहते तर आत्याने गाडीच्या दारावर पाटी अडकवलेली. 'आज इस्त्री बंद.'

"हे काय गं?"

"चार्ज वाचव. बस स्टँड पुलापलीकडे आहे. त्याची बस सुटायच्या आत जा आणि सांग."

"काय सांगू?"

"तेही मीच सांगू? मग मीच जाते, मीच लग्न करते!"

ती हसली, आणि हसता हसता तिच्या अंगात कुठून एवढं बळ आलं कोण जाणे. किल्ली उचलली. स्टार्टला हात घातला... आणि खिडकीशी एक मुलगी. धापा टाकतेय, डोळ्यांत पाणी. समोरच्या ऑफिसात तिची मुलाखत, दारात अडकून कोटाची बाही खांद्यापासून उसवलेली, आणि कोटाचा नुसता चुरगळा झालेला. "ताई, पाटी वाचली मी... पण प्लीज."

आत्याने वर बघितलं. तिने घड्याळाकडे बघितलं. आणि किल्ली ठेवून सुई हातात घेतली. अशा मुलीला परत पाठवायचं तर गाडी घेतली कशाला? बाही बसवली, इस्त्री फिरवली. अर्धा किलोमीटर गेला तर गेला. मुलगी वाऱ्यासारखी पळाली, आणि आत्या गाडीतून उतरून ओरडली, "आता तू पळ!"

काय चालवली तिने गाडी! एसी बंद, गाणी बंद, उताराला पाय काढून, चढाला दात खाऊन. प्रत्येक सिग्नलला मनातल्या मनात वाक्य जुळवत होती आणि प्रत्येक सिग्नलला विसरत होती. पूल आला. चढ आला. गाडी चढली, गुणी बाळासारखी चढली! ती आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारते न मारते, तोच समोरून बस.

हीच ती. दूरच्या शहराची पाटी, आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत तो. मांडीवर बॅग, नजर नदीकडे. त्याचं लक्षच नव्हतं.

पुलाचा रिवाज ठरलेला. लहान गाडीने मागे सरकायचं. ती मागे सरकली असती तर बस निघून गेली असती, बस्स. तिने काट्याकडे पाहिलं. चौतीस. तिने रिव्हर्सला हात घातला. तसाच काढून घेतला. हँडब्रेक ओढला. आणि खट्कन गाडीच बंद करून टाकली.

"अहो ताई, मागे घ्या की!" बसचा ड्रायव्हर ओरडला.

तिने डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बंद पडलीय! बॅटरी जुनी आहे हो!"

खिडकीतलं डोकं झटकन वळलं.

तो कसा उतरला, कधी उतरला, देव जाणे. बॅग सीटवरच टाकून धावत आला, बाह्या वर सारत. मागोमाग चार-पाच प्रवासी.

"किती होती?"

"वीसच्या खाली... गेली."

"सांगितलं होतं ना मी! इस्त्री किती केलीत?"

"एकच."

"सरका. न्यूट्रलला टाकतो." तो आत बसला. बाहेर मंडळी गाडीला भिडली होती, "हं, लावा जोर!" गाडी तसूभर हलेना. "अहो, ब्रेक काढा की आतून!"

त्याने किल्ली फिरवली. काटा उजळला. तो काट्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा काट्याकडे.

"चौतीस," तो सावकाश म्हणाला.

"हो."

"चौतीसला ही कधी बंद पडत नाही."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय मग!" तिचा आवाज कापत होता, आणि तरी तिला हसू फुटत होतं. "थांब. ऐकलंस? थांब म्हणतेय मी. त्या दिवशीच म्हणायला हवं होतं, पण माझी जीभ मेली वाकडी. मला आवडतोस तू. गाडी माझी मी चालवीन रे, पण तू रोज बॅटरी बघायला आला नाहीस तर मला करमणार नाही."

तो नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे कान परत लाल झाले होते, पहिल्या दिवसासारखे.

काचेवर टकटक झाली. बसचा ड्रायव्हर. "सुरू होतेय का नाही? मला अख्खी बस न्यायचीय!"

"होतेय, होतेय," पाववाला म्हणाला. त्याची नजर काही हलेना. "तेवढी माझी बॅग खाली द्याल का? हिरवी आहे. तुमच्या मागच्याच सीटवर."

"बॅग? अहो, गाडी ढकलायची का बॅग उतरवायची, एक काय ते ठरवा!"

"ठरलंय हो," ती म्हणाली.

बॅग आली. ढकलायला उतरलेल्या एका आजोबांनी ती स्वतःच्या हाताने मागच्या डब्यात ठेवली, वास घेतला आणि विचारलं, "पाव आहेत का?"

दोघांनी जागा बदलल्या, तिने गाडी सुरू केली, आणि चूं न करता ती मागे मागे पुलावरून खाली उतरली. बस भोंगा वाजवत गेली, आणि खिडक्यांतून हात हलत होते.

"भावाला काय सांगशील?" तिने विचारलं.

"सांगतो, पूल ओलांडला गेला नाही." मग तो गंभीर झाला. "पण मी करू काय इथे?"

"पहाटे गाडी रिकामीच असते की. जवळच्या दुकानांचे पाव तेवढ्यात आरामात होतील. लांबची दुकानं जाऊ देत. परत आणून चार्जला लाव, दहाला मी घेऊन जाते."

"हे कधी ठरवलंस?"

"सिग्नलला. बाकी सगळं विसरले, एवढं लक्षात राहिलं."

तो हसला. मग शर्टाची बाही पुढे केली, बॅगेसारखीच चुरगळलेली. "आता तरी करशील? पाव किलोमीटर?"

"करीन. चौतीस आहेत."

फाटकाशी आत्या स्टूल टाकून बसली होती. गाडी थांबली, तिने पुढच्या सीटवर कोण आहे ते पाहिलं, मागच्या हिरव्या बॅगेकडे पाहिलं.

"बंद पडली का वाटेत?"

"पडली," दोघं एकदम म्हणाले.

"बॅटरी जुनी आहे ना," आत्या म्हणाली, आणि उठून दारावरची पाटी काढून टाकली.