भांडणाऱ्यांची घंटा

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याला झापत होते, आणि तेसुद्धा धड झापता आलं नाही.

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. हनुवटीपर्यंत रचलेली गीतांची पुस्तकं सांभाळत मी चॅपलच्या बाजूच्या दारातून बाहेर पडले आणि समोरून फुटबॉलांनी भरलेली एक जाळी चालत आली. जाळीमागे कुठेतरी एक माणूस होता. पुढच्या क्षणी माझी पुस्तकं पायऱ्यांवर होती, बॉल व्हरांडाभर होते आणि त्यातला एक उघड्या दारातून आत शिरून थेट वेदीच्या पायरीला जाऊन टेकला होता.

"जरा बघून चालायचं ना," तो म्हणाला. हो, तोच म्हणाला. मला.

"तुम्हाला काही अक्कल—"

आणि बाराची घंटा झाली.

आमच्या शाळेची ही जुनी रीत. बाराची घंटा वाजली की जो जिथे असेल तो तिथेच थांबतो. फळ्यावरचा खडू फळ्यावर, नळाखालचा हात नळाखाली. माना खाली जातात, स्पीकरवरून प्रार्थना सुरू होते आणि 'आमेन' म्हणेपर्यंत सातशे मुलांच्या शाळेत पानसुद्धा हलत नाही. तेव्हा मीही मान खाली घातली, हात जोडले आणि तोंड मिटलं.

त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. खेळाचे नवे सर म्हणून तो त्याच सकाळी रुजू झाला होता.

"अक्कल काय?" त्याने विचारलं. "बोला ना, थांबलात का?" मग जरा वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत... "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?"

पायऱ्यांवर थबकलेल्या पोरी हसू दाबता दाबता लालबुंद झाल्या होत्या. माझे कान तापले. शेवटी 'आमेन' झालं, मी मान वर केली आणि म्हणाले, "—आहे की नाही?"

तो आधी बघतच राहिला, मग असा काही हसला की मला आणखीच राग आला. "एवढा वेळ धरून ठेवलंत? कमाल आहे."

तर अशी सुरुवात. पोरांनी चार दिवसांत त्याचं नाव 'शिट्टी सर' पाडलं. मला ती कधीचीच 'सूरबाई' म्हणतात, आणि तेही मला माहीत नाही असा त्यांचा समज आहे.

आता माझं दुखणं सांगते. महिनाअखेरीला वर्षारंभाची मिस्सा, म्हणजे चॅपलमधली मोठी उपासना असते. बिशप येतात, पालक येतात, आणि गायनवृंद माझा. यंदा सिस्टरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सरळच सांगितलं होतं की मागच्या वर्षीसारखा विचका झाला तर गायनाचा तास बंद. तो गणिताच्या बाईंना जादा म्हणून देऊन टाकणार. गणिताच्या बाई तर पाट मांडून बसल्याच होत्या. तो एक तास गेला की माझ्याकडे उरणार होतं काय, तर सकाळच्या प्रार्थनेला पेटी वाजवणं. त्यासाठी मी संगीत शिकले नव्हते.

आणि विचका कशाने झाला होता? खालच्या सुरातल्या मुलांमुळे. नववी-दहावीतली पोरं, नुकते आवाज फुटलेले, एक रेडा आणि एक बेडूक एकाच गळ्यात घेऊन फिरणारी. त्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज. पण नेमक्या गायनाच्या तासाला शिट्टी सरांनी फुटबॉलची निवड सुरू केली. एकीकडे मैदान, दुसरीकडे मी आणि चार ओळी दहादा म्हणायच्या... पोरं कुठे गेली हे सांगायला नकोच.

मी मैदानावर जाऊन भांडले. स्टाफरूममध्ये भांडले. जिन्यात भांडले. तो दर वेळी अगदी शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी असं काहीतरी बोलायचा की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

"तुम्ही रागावलात की तुमचा सूर छान वर जातो."

"सर, मी विनोद करत नाहीये."

"मी पण नाही."

शेवटी मी तडक सिस्टरांकडे गेले. तो आधीच तिथे बसला होता, माझी तक्रार घेऊन. म्हणे मी त्याची मुलं पळवते. मी कपाळाला हात लावला. सिस्टरांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "ठीक आहे. आजपासून बाराची घंटा तुम्हा दोघांकडे."

ही शाळेची दुसरी रीत, आणि ही फक्त स्टाफला माहीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला ज्या दोन शिक्षकांचं पटत नाही, त्यांच्याकडे घंटा जाते. एकाने दोर ओढायचा, दुसऱ्याने माइकवर प्रार्थना सांगायची. दोर चॅपलच्या बाजूच्या दाराबाहेर आहे, माइक दाराच्या आत. मधे हातभर अंतर. रोज त्या हातभर अंतरात उभं राहून देवासमोर माना खाली घालायच्या. मागे इतिहासाचे सर आणि ग्रंथपाल बाई असेच उभे राहायचे, असं ऐकून आहे. त्यांचं पुढे चांगलं जमलं म्हणतात. मला मात्र ही शिक्षा वाटली, आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी.

पहिल्या दिवशी त्याने दोर असा ओढला की दोराबरोबर तोच वर गेला. मी माइकसमोर होते, हसता येत नव्हतं. संपूर्ण प्रार्थना ओठ चावत सांगितली, आणि आवाज का थरथरला म्हणून वर्गावर्गांतून चौकशी झाली.

मग ते रोजचंच झालं. मी तणतणत यायची, तो आधीच येऊन दोराशी उभा. घंटा होईपर्यंत आम्ही भांडायचो, प्रार्थनेपुरतं थांबायचो आणि 'आमेन' नंतर जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे. पण त्या मधल्या शांततेत मला नको ते दिसायला लागलं. त्याच्या तळहातावर दोराने उमटलेली लाल रेघ. खाली झुकलेल्या मानेवरचे उन्हाने करपलेले केस. आणि एक दिवस तर... त्याचे ओठ हलत होते. प्रार्थनेचा शब्द न् शब्द. मी न शिकवता, रोज माझ्या तोंडून ऐकून त्याला पाठ झाली होती. मी पुढची ओळ विसरले.

"विसरलात?" तो नंतर म्हणाला.

"घसा बसलाय."

"मघाशी माझ्यावर ओरडताना तर चांगला होता."

घरी जेवताना आईने ताटात वाढता वाढता विचारलं, आज त्या शिट्टीने काय केलं? मी म्हटलं, तुला का गं त्याचं कौतुक? ती म्हणाली, मला काही नाही, पण भाजीपेक्षा जास्त वेळा तूच त्याला तोंडी लावतेस. भूक लागली होती म्हणून, नाहीतर चिडून उपाशीच उठले असते.

मिस्सा तोंडावर आली आणि खालचे सूर अजून रडतच होते. त्या दुपारी पोरं पुन्हा गायब. मी तरातरा मैदानावर गेले, काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत. आणि मैदानाच्या कडेला थांबले. पोरं ओळीने धावत होती आणि धावता धावता गात होती. माझं कम्युनियनचं, म्हणजे मिस्सेत प्रसाद घेताना म्हणायचं गीत, खालचा सूर. पावलांच्या तालावर. सगळ्यांच्या पुढे शिट्टी सर स्वतः, आणि तो जे गात होता त्याला सूर म्हणणं पाप ठरलं असतं. पण मागच्या पोरांचा श्वास कुठेही तुटत नव्हता. लांब ओळ, जी माझ्यासमोर उभं राहून त्यांना कधीच पुरली नव्हती, ती धावताना पुरत होती.

तो धापा टाकत माझ्याजवळ आला. "बोला. किती चुकलं?"

मी इतकं सगळं जुळवून आणलं होतं. "तुम्ही गाऊ नका," एवढंच म्हणाले. "बाकी... चालू द्या."

मिस्सेचा दिवस उजाडला तो उशिराचाच. बिशप उशिरा आले. प्रवचन लांबलं. लहान वर्गांची चुळबूज सुरू झाली, पालक पंखे शोधायला लागले, गणिताच्या बाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या. माझा गायनवृंद बाजूच्या दाराशी उभा होता आणि दाराबाहेर, दोराजवळ, तो.

कम्युनियनचं गीत पेटीशिवाय म्हणायचं ठरलं होतं. मी गुणगुणून सूर द्यायचा, मुलांनी उचलायचा. मी सूर दिला, मुलांनी उचलला, आणि पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं. पट्टी चढी लागली होती. घाबरून मीच वरचा सूर दिला होता. आता तिसऱ्या ओळीला जो चढ येतो तिथे वरची मुलं किंचाळणार, खालची मुलं फाटणार, आणि माझा तास जाणार. थांबवावं तर अख्ख्या चॅपलसमोर थांबवायचं, न थांबवावं तर कड्यावरून खाली. हात चालूच होते माझे. मी दाराकडे पाहिलं. कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

त्याने माझा चेहरा पाहिला आणि दोर ओढला.

बाराला अजून बराच अवकाश होता. पण सवय ती सवय. मुलं ओळीच्या मध्यात गप्प झाली. सातशे माना खाली गेल्या, त्यांचं बघून पालकांच्या गेल्या, आणि क्षणभर गोंधळून बिशपांचीही गेली. माइक माझ्या हाताशी होता. मी प्रार्थना सांगायला लागले. सांगता सांगता छाती शांत झाली, सूर कुठे हरवला होता तो सापडला. 'आमेन' म्हटलं आणि त्याच श्वासात, हळू, बरोबर सूर दिला. पोरांनी उचलला. लांब ओळ आली आणि तुटली नाही. मला रडू आवरेना, तरी हात खाली आला नाही.

नंतर बिशपांनी पोरांची तोंडभरून स्तुती केली. गणिताच्या बाई उठून गेल्या. आणि मला ग्रंथपाल बाईंकडून कळलं की सिस्टरांनी शिट्टी सरांना आत बोलावलंय. बिशपांच्या मिस्सेत भलत्या वेळी घंटा. त्याने म्हणे सांगितलं, घड्याळ पुढे होतं, चूक माझी. त्याचा मैदानाचा तास काढून घेणार आहेत.

तो बाहेर येताच मी त्याला जिन्यात गाठलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्या चेहऱ्याने."

"आणि घड्याळ पुढे होतं म्हणून कुणी सांगितलं?"

"ते मी." तो जरा हसला. "तुमचा तास वाचला ना? मग झालं तर."

"झालं काय? माझ्यासाठी तुमची पोरं बसणार घरी?" माझा आवाज चढला, मग फुटला. "असा कसा हो माणूस तुम्ही... भांडता पण येत नाही तुमच्याशी नीट."

मी त्याच्या बाहीला धरून त्याला परत आत नेलं आणि सिस्टरांना सरळ सांगितलं की सूर मी चुकीचा दिला होता, सरांनी मला सावरलं. तास काढायचा तर माझा काढा.

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी जन्मभर मिस्सेत गातेय. पट्टी चढली ते मला कळलं नाही असं वाटलं का तुम्हाला? मी वाट बघत होते, दोघांपैकी आधी कोण येतं सांगायला." तास दोघांचेही राहिले, वेगवेगळ्या दिवशी. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच त्या पुढे म्हणाल्या, "घंटा मात्र उद्यापासून गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर बघतील. ती भांडणाऱ्यांसाठी असते. तुम्हा दोघांना आता तिची गरज नाही."

आम्ही बाहेर आलो. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला मेलं काहीतरी लुटल्यासारखं वाटत होतं. इतके दिवस जिच्या नावाने बोटं मोडली, ती घंटा गेली म्हणून मी हिरमुसले होते. यापेक्षा चिडण्यासारखं काय असेल?

"उद्या बारा वाजता तुम्ही कुठे असाल?" त्याने विचारलं.

"वर्गात. तुम्ही?"

"मैदानावर." त्याने मैदानाकडे बघितलं. "फार लांब आहे ते."

मी सिस्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "भांडू या का? इथेच, दारासमोर. जोरात. ऐकलं तर देतील परत."

त्याचे डोळे चमकले. "कोण सुरू करणार?"

"तुम्ही. मला आत्ता तुमचा रागच येत नाहीये... काहीतरी वाईट बोला."

त्याने छाती भरून श्वास घेतला. जिन्यावरून उतरणारी पोरं थबकली, ग्रंथपाल बाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा त्या आवाजात तो म्हणाला, "बाई, मला तुम्ही फार आवडता."

घंटा न वाजताच सगळे होते तिथे थांबले होते. माझे गाल पेटले होते, हसू कुठे लपवावं कळत नव्हतं, आणि या माणसाला एक साधं भांडणसुद्धा नीट जमू नये याची मला अशी चीड आली, अशी चीड आली...

"याला भांडण म्हणतात होय?" मी म्हटलं. "मलाही आवडता तुम्ही. आता गेली ना घंटा कायमची."