दुप्पट खळ

"आजच्या दिवशी तरी तोंड फुगवू नकोस गं!" आरशासमोर ताठ उभे राहून ते म्हणाले, आणि तिने इस्त्री दाणकन टेबलावर आदळली!

तोंड फुगवू नकोस म्हणे... काय बाई हा माणूस! आठवडाभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची बोलणी खाणारा, घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा हा तिचा नवरा शनिवार उजाडला की छात्रसेनेचा गणवेश चढवून पोरांना कवायत शिकवायला जाई, तेही बिनपगारी, आणि पोरं त्याला 'कडक सर' म्हणत! तो कडकपणा आला कुठून? तिच्या पातेल्यातून! दर शुक्रवारी खळ शिजवून, शर्ट त्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून तिच्या बोटांची सालं निघाली, माहेरची लग्नं हुकली... आणि आज बारा वर्षांच्या अखंड सेवेचं पदक मात्र त्यांना एकट्यांना! काल भाषणाची तालीम केली, त्यात मैदानाचे आभार, बिगुलाचे आभार, अगदी बुटांचेसुद्धा आभार. तिचा उल्लेख औषधालाही नव्हता! मग संतापाच्या भरात तिने दुप्पट खळ घातली. होऊ देत एकदाचे कडक!

समारंभात मोठे साहेब पदक घेऊन पुढे आले. पिन शर्टाला टेकवली. जाईना. दाबली, तर वाकली! दुसरी मागवली, तिचीही तीच गत. पोरांच्या रांगेत खसखस पिकली.

"अहो, शर्ट आहे की पत्रा?" साहेब घाम पुसत पुटपुटले.

नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला, डोळे भरून आले... मागच्या रांगेत तिचं काळीज चरकलं. आयुष्यात एकदा मिळणारा मान, आणि माझ्या रागापायी त्यांचं हसं व्हावं? अगं अगं, काय करून बसलीस हे! ती धावत मंचावर गेली, साहेबांच्याच पाण्याच्या पेल्यात रुमालाचं टोक बुडवलं, छातीवरचं कापड ओलं करून मऊ केलं आणि पदक लावून टाकलं.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

नवरा भाषण साफ विसरला होता.

"साहेब," ते म्हणाले, "कडक सर ही आहे हो... मी नुसता आत उभा असतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला मात्र हुंदक्यांपुढे काहीच ऐकू आलं नाही.

पुढच्या शनिवारी तिला करपल्याच्या वासाने जाग आली. इस्त्रीपाशी ते शर्ट हातात धरून अपराध्यासारखे उभे होते. छातीवर हा एवढा तपकिरी डाग!

"तुला उठवायचं नव्हतं गं... पण जमलं नाही."

तिने डोळे पुसले, तरी हसू आवरेना.

"असू द्या. पदक तिथेच तर येतं!"